व्हर्नियरला गोल, हबला तिकोनी: स्विफ्टच्या हब रिंगचं एक प्रकरण

आधीच सांगतो, मी टर्नर नाही, आयटीआय पण केलेला नाही, जालन्यात बियाणं-खताचं दुकान आहे आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) आहे, पट्ट्यावरचा, कोन पुलीचा. चिकलठाण्याकडचं एक वर्कशॉप बंद झालं तेव्हा वजनावर आणला होता. एक एचपीची थ्री फेज मोटर आहे, घरची लाईन सिंगल फेज, म्हणून मधे व्हीएफडी, म्हणजे सिंगलची थ्री फेज करून देणारा डबा, टाकलाय. क्रॉस स्लाईडला, म्हणजे टूल पुढंमागं सरकवणाऱ्या भागाला, चांगला खेळ आहे, डायलवर विश्वास ठेवायचा म्हणजे एका बाजूनेच यायचं, मागं गेलात की संपलं. खरिपाची गर्दी सोडली तर रविवार आणि रोजची संध्याकाळ याच्यावरच जाते, बायको म्हणते सवत आणली. गाड्यांचे बुश, स्पेसर, गिअर नॉब असलं बारीकसारीक करतो, पैसे घेत नाही, कारण पैसे घेतले की शिव्या पण घ्याव्या लागतात.

हे प्रकरण मेव्हण्याच्या स्विफ्टचं. लिहायचं कारण एवढंच की यात मी मापं घेतली, परत घेतली, तिसऱ्यांदा पण घेतली, सगळी बरोबर आली आणि तरी पार्ट चुकीचा होता, आणि त्या चुकीपायी एक चाक निघून पडायची वेळ आली होती.

तक्रार काय होती

मेव्हण्यानं कुठनं तरी सेकंडहँड अलॉय घेतले, १५ इंची, दिसायला एकदम कडक. बसवले, दोन दिवस गावभर मिरवला, तिसऱ्या दिवशी समृद्धीवरनं शिर्डीला गेला आणि रात्री फोन, "दाजी, नव्वदच्या पुढं स्टिअरिंग लई थरथरायलंय, हात बधिर झाले." समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, सिमेंटचा सपाट रस्ता, तिथं थरथर लपत नाही. आपल्या गावातल्या रस्त्यावर हे महिनाभर कळलंच नसतं, खड्ड्यात सगळंच थरथरतं.

टायरवाल्याकडं तीनदा बॅलन्सिंग केलं. मशीनवर दर वेळी शून्य-शून्य. तिसऱ्यांदा तो म्हणला चाकात काहीच नाही, रस्ताच तसा आहे. आता समृद्धीचा रस्ता तसा आहे म्हणल्यावर मेव्हणा जे काय बोलला ते इथं लिहीत नाही.

थरथर स्टिअरिंगला होती, सीटला नव्हती, म्हणजे पुढची चाकं हे साधं गणित. चाक काढलं आणि मागनं बघितलं तर मधलं भोक मोठं. स्विफ्टला चार बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या गोलाचा व्यास) १०० मिमी, आणि मधला हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो भाग, ५४.१ चा. ह्या अलॉयचा पीसीडी पण १०० च, म्हणून बोल्ट बसतात, पण सेंटर बोअर (ते मधलं भोक) ६०.१, म्हणजे लोगन-वेरिटोचं माप. हब आणि चाक यांच्यात सगळीकडनं ३ मिमीची मोकळी जागा. कंपनीचं चाक हबच्या त्या उभ्या कड्यावर टोपी बसावी तसं बसतं, मग नट फक्त आवळून धरतात. इथं टोपीच ढिली, चाक मधोमध आणायचं काम सगळं नटाच्या निमुळत्या बाजूवर आलं. नट ते करतात पण, अगदीच करत नाहीत असं नाही, फक्त कसे आवळले त्याच्यावर आहे. टायरवाल्याकडं गाडी जॅकवरनं खाली टेकवून मग हवेच्या गनने एक नट टर्रर्र फुल टाईट, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. पहिला नट चाकाला जिकडं ओढेल तिकडंच ते अडकतं.

आणि बॅलन्सिंग मशीनवर शून्य का येतं ते पण यातच आहे, मशीन चाकाला मधल्या भोकात कोन घालून धरतं, म्हणजे तिथं ते बरोबर मधोमध फिरतं. गाडीवर मधोमध नसतंच.

किती बाजूला आहे ते बघायला डायल गेज लावलं. मॅग्नेटिक बेसला चिकटायला लोखंड पाहिजे, शेडमध्ये खाली फरशी, चाक ॲल्युमिनिअमचं, शेवटी जुना नांगराचा फाळ शोधला, तो जमिनीवर ठेवून त्याच्यावर बेस चिकटवला आणि रिमच्या आतल्या कडेला टोक टेकवलं. डाव्या चाकाला काटा ०.७० मिमी हलला, उजव्याला ०.५५. ०.७० म्हणजे चाक ०.३५ बाजूला बसलंय. ऐकायला काहीच नाही, पण टायरसकट चाक १५ किलोचं धरा, १५००० ग्रॅम गुणिले ०.३५, भागिले रिमची त्रिज्या १९० मिमी, झाले साधारण २७ ग्रॅम. म्हणजे बॅलन्सिंगवाल्यानं रिमवर २७ ग्रॅमचं शिसं चुकीच्या जागी ठोकल्यासारखं. तो बिचारा पाच-पाच ग्रॅमसाठी भांडतो.

तर उपाय ठरला, हब रिंग, म्हणजे ती मोकळी जागा भरणारं कडं. आत ५४.१, बाहेर ६०.१, जाडी ३ मिमी, रुंदी ७. ऑनलाईन मिळतात प्लास्टिकच्या, पण घरात लेथ असताना बांगडीएवढी रिंग विकत घ्यायची म्हणजे विहीर असून टँकर मागवण्यासारखं.

पहिला प्रयत्न, म्हणजे चूक

संभाजीनगरातनं ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनिअमचा ६५ मिमीचा गोल रॉड आणला, दीड वीत. हब वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत केला, मोजला, ५४.०६. चाकाचं भोक ६०.१२. म्हणून मी रिंगचं आतलं माप ५४.१४ आणि बाहेरचं ६०.०५ ठरवलं, म्हणजे हातानं सरकेल पण खडखडणार नाही. इथपर्यंत अजूनही वाटतं की बरोबरच होतं.

मग कामाचा क्रम. रॉड चकमध्ये (लेथचा पकडून फिरवणारा भाग) धरला, २५ चा ड्रिल आरपार मारला (माझ्याकडचा सगळ्यात मोठा तोच), बाहेरनं ६०.०५ ला टर्न केला, फिनिश इतकी भारी आली की फोटो काढून मेव्हण्याला पाठवला, आणि मग पार्टिंग टूलनं आठ-आठ मिमीच्या चार चकत्या कापल्या. आता एकेक चकती थ्री जॉ चकमध्ये बाहेरनं धरायची आणि आतनं बोअर करत ५४.१४ ला न्यायची. पहिल्याच चकतीला बोअरिंग बार (आतनं कापायची दांडी) घुमायला लागला, किर्रर्र आवाज, चकती जराशी सरकली. म्हणून चकची चावी घालून अजून आवळली. पुढच्या तिन्ही त्याच जोरानं आवळल्या. भिंत पातळ होत चालली, शेवटी तीन मिमीची राहिली, आणि चकचे तीन जबडे तिला तसेच दाबून.

सोडल्यावर व्हर्नियर लावला. ५४.१४. थोडी फिरवून परत, ५४.१४. अजून फिरवून, ५४.१४. चारी रिंग तशाच, एखादी ५४.१६. मी स्वतःवर एवढा खुश की रात्री जेवताना पण एक रिंग ताटाशेजारी होती.

दुसऱ्या दिवशी हबवर बसवायला गेलो तर जाईना. हब ५४.०६, रिंग ५४.१४, मिलिमीटरचे आठ शतांश मोकळं पाहिजे, आणि ती अडकते. मला वाटलं कुठंतरी गंज राहिला, परत घासला. परत तेच. मग जे करायला नको ते केलं, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हलकं ठोकलं. गेली. डाव्या बाजूची जराशी तिरकी गेली ते मला दिसलं पण म्हणलं चाक आवळल्यावर सरळ होईल. वर चाक चढवलं, नट आवळले, मेव्हण्याला म्हणलं आज समृद्धीवर जाऊ नको, जुन्या रोडनं संभाजीनगरला जाऊन ये आणि सांग. त्या दिवशी मला सुचलेली हीच काय ती शहाणपणाची गोष्ट.

बदनापूरच्या पुढं त्याचा फोन. "दाजी, थरथर जास्तच झाली, आन् आता हळू केलं की चाकातनं टकटक आवाज यायलाय." म्हणलं गाडी बाजूला घे, पाना काढ आणि नट बघ. दोन मिनिटांनी तो म्हणला, दोन नट तर बोटानंच फिरायलेत.

मी दुकान तसंच पोराच्या भरवशावर टाकलं आणि मोटारसायकलवर निघालो. जाताना काय काय डोक्यात आलं ते सांगण्यात अर्थ नाही, मेव्हण्याबरोबर मागं त्याची पोरगी होती एवढंच सांगतो.

तिथं चाक उतरवलं तेव्हा कळलं. रिंग तिरकी राहिली होती, तिचा एक काठ चाकाच्या भोकाच्या कडेत अडकला होता, त्यामुळं चाकाची मागची बाजू हबच्या तोंडाला पूर्ण टेकलीच नव्हती. नट टाईट वाटले ते त्या रिंगला चेपून टाईट होते. गाडी धावली, रिंग अजून चेपली, नटाचा ताण गेला. नटाला आपण जो जोर देतो तो चाक आणि हब दोन सपाट तोंडं एकमेकांवर दाबायला असतो, मधे तांदळाएवढं काही राहिलं तरी तो जोर खोटा. रंगाचा जाड थर असला तरी तेच होतं.

रिंगा काढून फेकल्या नाहीत, खिशात टाकल्या, नट नीट आवळून पन्नासच्या वेगानं गाडी घरी आणली.

चाचांनी छर्रा मागितला

आमच्याकडं एक चाचा आहेत, उभं आयुष्य लेथवर गेलं, आता डोळ्यानं कमी दिसतं म्हणून काम बंद आहे पण संध्याकाळी चहाला येतात. त्यांना रिंग दिली. मी व्हर्नियर पुढं केला तर त्यांनी घेतलाच नाही. रिंग उजेडाकडं धरली, आतनं अंगठा फिरवला आणि म्हणले, "चमक किती ठिकाणी हाय बग."

तीन ठिकाणी. हबवर ठोकून घातली तेव्हा आतनं जिथं जिथं घासली तिथं चकाकी आली होती, तीन जागा, सारख्या अंतरावर. आणि बाहेरनं चकच्या जबड्याचे तीन बारीक वण. मला वाटलं वण आणि चमक समोरासमोर असणार, पण तसं नव्हतं, चमक बरोबर दोन वणांच्या मधोमध.

मग चाचांनी एक बेअरिंगचा छर्रा मागितला, ६ मिमीचा. सायकलच्या डब्यातनं काढून दिला. त्यांनी शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर घेतला, रिंगच्या आतल्या भिंतीला छर्रा टेकवला आणि भिंत अधिक छर्रा असं मोजायला लागले, कारण मायक्रोमीटरचं चपटं तोंड आतल्या गोलाईला नीट टेकत नाही, छर्रा टेकतो. मला म्हणले लिही. वणाजवळ ८.९०. दोन वणांच्या मधे ९.०१. पुढचा वण ८.९०. परत मधे ९.०१. सहा जागा, एक आड एक. छर्र्याचे सहा वजा केले की भिंत २.९० आणि ३.०१.

आता वण असलेल्या जागेच्या बरोबर समोर काय येतं? जबडे तीन, म्हणजे एका जबड्यासमोर दुसरा जबडा कधीच येत नाही, दोन जबड्यांच्या मधली जागा येते. म्हणजे इकडं २.९० असेल तर समोर ३.०१. कुठंही मोजा, बेरीज ५.९१ च. बाहेरचं माप ६०.०५ त्यातनं ५.९१ गेले, राहिले ५४.१४. कुठल्याही दिशेनं व्हर्नियर लावला तरी ५४.१४ च येणार, आणि रिंग तरीपण तिकोनी! आत जो खरा गोल हब मावेल तो फक्त ५४.०३ चा, माझा हब ५४.०६. तीन शतांशानं घोडं अडलेलं, आणि मी शंभरदा मोजलं असतं तरी मला ते दिसलं नसतं.

कसं झालं ते चाचांनी एका वाक्यात सांगितलं, "चकनं दाबली तवा ती तिकोनी झाली, तू तिला गोल कापलं, सोडली तर ती आपल्या घरी गेली." घरी गेली म्हणजे दाब गेल्यावर बाहेरची बाजू परत गोल झाली, आणि आतनं जे गोल कापलं होतं ते तिकोनी. जबड्याखाली दबलेला भाग सुटून बाहेर सरकतो, तिथं भोक मोठं, भिंत पातळ. मधल्या भागात उलटं. म्हणून हब तिथं घासला, म्हणून चमक तिथं.

मी विचारलं मग कळणार कसं, दर वेळी छर्रा लावायचा का. ते म्हणले मोजू कामून, हबच बनव ना. म्हणजे गेज. हबच्या मापाचा एक लोखंडी गट्टू, रिंग त्याच्यावर पूर्ण गेली तर पास. गोलाला गोलानंच तपासायचं. हे इतकं सरळ आहे की मला राग आला.

जाताना लेथकडं बघून अजून एक बोलले, चावी चकमध्येच होती. बोलले म्हणजे शिवीच दिली. त्यांच्या वर्कशॉपमध्ये चावी चकमध्ये ठेवून हात काढला की त्या दिवसाचा चहा बंद असायचा म्हणे. आता मी चावी डाव्या हातातनं सोडतच नाही, थेट खिळ्यावर.

दुसरा प्रयत्न

आधी गेज. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा तुकडा, दोन पायऱ्यांचा, पुढची ५४.०६, मागची ५४.१६. पुढच्या पायरीवर रिंग सुळकन गेली पाहिजे आणि मागच्यावर अडली पाहिजे. चाचांचा पन्नास-पंचाहत्तरचा मायक्रोमीटर आणला त्यासाठी, व्हर्नियरवर हे काम भागत नाही.

मग रॉड. या वेळी क्रम उलटा, आणि सगळं एकाच पकडीत, एकदा चकमध्ये धरला की शेवटची रिंग कापून पडेपर्यंत चक उघडायचाच नाही. जबडे धरतात तो भाग भरीव, वेगळा, रिंग जिथनं निघणार तो भाग चकच्या बाहेर, त्याला कुणी दाबतच नाही. आधी आतनं बोअर, भिंत जाड असतानाच, ४५ मिमी खोल. मग बाहेरनं टर्न. मग आतनं बाहेरनं कोपरे मोडायचे, आणि मग एकेक कापायची.

यात एक गंमत झाली, मे महिना, शेडचा पत्रा तापलेला, आणि बोअरिंग करून करून रॉडला हात लावला तर चटका. तसाच मोजला, ५४.१६ आलं, म्हणलं मेलो, दोन शतांश जास्त गेलं. मशीन बंद करून घरात गेलो, पाऊण तास पंख्याखाली पडलो, परत येऊन मोजलं तर ५४.१२. ॲल्युमिनिअम एका अंशाला दहा लाखात २३ भाग वाढतं, ५४ मिमीला तीस-बत्तीस अंश जास्त असले की चार शतांश तिथंच गेले. गरम असताना बरोबर माप आलं म्हणून थांबला असता तर थंड झाल्यावर रिंग बारीक. पहिल्या वेळी हे पण झालंच असणार, पण तिकोनापुढं त्याचा हिशोब कोण करतो.

(यावरून मेव्हण्यानं शंका काढली की मग ब्रेक तापल्यावर रिंग अडकून बसेल. नाही. हब लोखंडी, तो निम्म्यानं वाढतो, रिंग ॲल्युमिनिअमची, ती जास्त वाढते, म्हणजे आतनं ढिलीच होते. आणि बाहेरचं चाक पण ॲल्युमिनिअमचंच, दोघं बरोबर वाढतात.)

साधारण साडेचारशे आरपीएम, एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल, ब्रशनं जरा जरा डिझेल, नाहीतर ॲल्युमिनिअम टूलच्या टोकाला चिकटतं आणि फिनिश ओरखडते. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता रॉकेल आणायचं कुठनं. शेवटचे दोन कट टूल पुढं न सरकवता त्याच मापावर फिरवले, कारण बार वाकलेला असतो तो तेव्हा सरळ होत होत उरलेलं काढतो. बोअरच्या तोंडाशी आणि आत दोन्हीकडं मोजलं, एका शतांशाचा टेपर (निमुळतेपणा) होता, चालतो.

कापताना स्पीड कमी, सव्वाशेच्या आसपास. रिंग कापून सुटली की उडते, पत्र्यावर आपटली की काठ गेला. म्हणून टेलस्टॉकच्या (लेथच्या समोरच्या टोकाच्या) चकमध्ये बांबूची काठी धरून तिचं टोक बोअरमध्ये घालून ठेवलं, रिंग सुटली की काठीवर अडकून गरगरत राहते. लहानपणी सायकलची रिंग काठीनं पळवायचो तसंच, फक्त काठी थांबलेली. चारी रिंग गेजवर लावल्या. पुढच्या पायरीवर आपल्या वजनानं खाली, मागच्यावर अडल्या. त्या आवाजाला, ते 'सुक्' करून खाली बसणं, त्याला पैसे नाहीत.

बसवताना चाक जॅकवर हवेत, हब साफ, त्याच्यावर ग्रीसचं बोट फिरवलं इतकंच, रिंग हातानं बसली, चाक हातानं बसलं, आणि बसल्यावर मागनं टॉर्च मारून बघितलं की तोंडाला तोंड टेकलंय का. रिंगची रुंदी हबच्या कड्यापेक्षा कमीच ठेवली होती, ती चाकाला ढकलायला नको. नट चारी हातानं, मग समोरासमोरच्या क्रमानं थोडे थोडे, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्याला. आणि पन्नास किलोमीटरनंतर परत. या वेळी पन्नास किलोमीटर मी स्वतः चालवली.

निकाल, आणि एक न आवडलेली गोष्ट

डावं चाक ०.७० वरनं ०.१५ वर आलं, उजवं ०.५५ वरनं ०.२०. उरलेलं रिमचंच असावं, सेकंडहँड आहे. समृद्धीवर ११० ला स्टिअरिंग गप्प. मेव्हणा एका हातानं चालवून दाखवायला लागला, ते बंद करायला लावलं.

पण मला एक किडा होता डोक्यात. म्हणून एका रविवारी उजव्या चाकाची रिंग काढली आणि रिंगशिवायच, पण चाक हवेत ठेवून, हातानं, समोरासमोर, हळूहळू असं आवळलं. परत डायल. ०.२५.

म्हणजे रिंगशिवाय ०.२५, रिंगसकट ०.२०. तीन रविवार, एक रॉड, एक गेज आणि भावकीत गेलेली इज्जत, त्यातनं मिळालं पाच शतांश, बाकीचं सगळं त्या हवेच्या गनचं पाप होतं. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी चाक नीट आवळून बघितलं असतं तर कदाचित लेथ चालू करायची गरजच पडली नसती. तरी रिंग मी काढून ठेवणार नाही, कारण प्रत्येक पंक्चरला मी तिथं नसणार, आणि गनवाला गनच चालवणार, रिंग असली की त्याला चाक बाजूला ओढायला जागाच नाही. आवळायचं कसंही आवळ, मधोमधच बसेल. पण कुणी मला विचारलं की अलॉय टाकल्यावर थरथरतंय, रिंग बनवून दे, तर आधी मी त्याचे नट सोडून परत आवळणार आणि मग मोजणार. मेव्हण्याच्या दोन मित्रांचं तेवढ्यावरच भागलंय.

आणि हे पण सांगतो, रिंगपर्यंत ठीक, ती वजन उचलत नाही, फुटली तरी चाक नटावर असतं. जाड स्पेसर, स्टड, बॉल जॉइंटची पिन असलं काही कुणी आणलं की मी हात जोडतो. एवढ्याशा बांगडीनं बदनापूरला काय दाखवलं ते बघितलंय मी.

पाऊस संपल्यावर गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं चाक काढलं, रिंग हबला धरून बसली होती, पांढरी पावडर आलेली, ॲल्युमिनिअम आणि लोखंड ओल्यात शेजारी राहिले की येतेच. मागच्या दोन्हीला ग्रीस लावायचं राहिलं होतं, पुढच्या दोन्ही बोटानं निघाल्या. पंक्चरवाल्याला वाटलं काहीतरी जुनं वायसर अडकलंय, त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून ती काढली आणि भंगारात टाकली. मेव्हण्याचा फोन, "दाजी, तुमची ती बांगडी गेली बगा."

रॉडचा शेवटचा तुकडा ठेवलाय अजून, वजन म्हणून खताच्या बिलांवर असतो. आज लाईट सातला येणार म्हणतायत.